जगाने ऐकलेला बार

मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बोस्टनच्या वायव्येस सुमारे वीस मैलांवर, कॉन्कॉर्ड नावाचे गाव आहे; आणि त्या गावाच्या उत्तरेस, त्याच नावाच्या संथ, जवळजवळ तळ्यासारख्या निश्चल नदीवर एक लहानसा लाकडी पूल आहे. हा पूल मूळचा नव्हे. मूळचा पूल १७९३ साली काढून टाकण्यात आला आणि पुढे त्या जागी एकामागून एक नवे पूल झाले. पुलाच्या एका तीरावर ग्रॅनाइटचा पंचवीस फूट उंचीचा स्तंभ उभा आहे आणि दुसऱ्या तीरावर ब्राँझचा एक तरुण शेतकरी. त्याच्या उजव्या हातात बंदूक आहे, पाऊल पुढे पडलेले आहे, परंतु डावा हात अजून नांगराच्या मुठीवरून सुटलेला नाही, आणि अंगातला कोट काढून त्याने नांगरावरच टाकून दिला आहे. शिल्पकाराने त्या माणसाला अशा क्षणी पकडले आहे, की ज्याच्या अलीकडे तो कुणबी आहे आणि पलीकडे शिपाई. स्तंभाजवळच्या दगडी गडग्यालगत, या शेतकऱ्यांच्या गोळ्यांनी पडलेल्या आणि जिथे पडले तिथेच पुरल्या गेलेल्या इंग्रज सोजिरांची थडगी आहेत.

या पुलापाशी १९ एप्रिल १७७५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास बंदुका झडल्या. त्यानंतर बासष्ट वर्षांनी कवी राल्फ वॉल्डो इमर्सनने त्या प्रसंगावर सोळा ओळींचे एक स्तोत्र रचले आणि त्याच्या पहिल्याच कडव्याच्या शेवटी, ‘साऱ्या जगाने ऐकलेला बार’ अशा अर्थाचे शब्द घातले. त्यानंतर एकशेचौदा वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५१ रोजी दुपारी तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर बॉबी थॉमसन नावाच्या बेसबॉल खेळाडूने एक चेंडू टोलवला, आणि वर्तमानपत्रांनी व रसिकांनी इमर्सनचे तेच शब्द उचलून त्या टोल्याला बहाल केले. आज अमेरिकेतील कोणा रसिकापुढे हा शब्दप्रयोग उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांसमोर कॉन्कॉर्डचा पूल येण्याऐवजी पोलो ग्राउंड्सची डावी गॅलरी येण्याचा संभव पुष्कळ.

मराठीत हा श्लेष साधत नाही. बंदुकीतून सुटतो तो बार आणि बॅटीतून निघतो तो टोला. आपल्याकडे या दोन वस्तूंना दोन शब्द आहेत, इंग्रजीत दोहोंना ‘शॉट’ हा एकच, आणि त्या एका शब्दाच्या फटीतूनच रणांगणावरचे वाक्य क्रीडांगणात उतरले. मात्र असे उतरणे आपल्याला अपरिचित नाही. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, तेव्हापासून परमुलखात कोणी नाव काढले की त्याने अटकेपार झेंडा लावला असे आपण म्हणतो. आणि १७६१ साली एका पिढीचा जिथे संहार झाला त्या गावाचे नाव, निवडणुकीत अनामत रक्कम गमावलेल्या उमेदवारालाही आपण सहज लावतो. अशा वेळी मूळच्या रक्ताचा अपमान होतो काय, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आहे. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. इमर्सनच्या त्या शब्दांत खरे महत्त्व ‘बार’ या नामाला नसून ‘ऐकला’ या क्रियापदाला आहे, असे माझे मत आहे. बार कोणीही काढू शकतो. तो जगाच्या कानांपर्यंत पोहोचवावा लागतो. या दोन्ही प्रसंगांत पोहोचवणारे कोण होते, हे पाहिल्यावाचून या शब्दप्रयोगाचे मर्म हाती येत नाही.

१७७५च्या वसंतात बोस्टन शहर इंग्रजांच्या लष्करी अमलाखाली होते. जनरल थॉमस गेज हा तेथील सेनापती आणि गव्हर्नर. कॉन्कॉर्ड येथे वसाहतवाल्यांनी दारूगोळ्याचे कोठार केले आहे, अशी पक्की खबर त्याला जासुदांकडून मिळाली होती. ते कोठार जप्त करून नष्ट करावे असा हुकूम देऊन त्याने लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथ याच्या हाताखाली सुमारे सातशे शिपाई १८ एप्रिलच्या रात्री रवाना केले. मसलत गुप्त होती, परंतु गुप्त राहिली नाही. पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉस हे स्वार फौजेच्या पुढे दौडत गेले आणि घरोघर वर्दी देत सुटले. फौज पहाटे वाटेवरच्या लेक्सिंग्टनला पोहोचली तेव्हा गावच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्कर याच्या हाताखाली सत्तर-पंचाहत्तर गावकरी हत्यारबंद उभे होते. त्यांना पांगण्याचा हुकूम झाला, ते पांगूही लागले, आणि तेवढ्यात कुठून तरी एक बार झाला. तो कोणी काढला हे त्या दिवशी कोणाला समजले नाही आणि आजही समजलेले नाही. इंग्रज शिपायांनी त्यावर फैरी झाडल्या आणि आठ गावकरी ठार झाले.

तिथून फौज कॉन्कॉर्डला गेली. कोठारातील पुष्कळसा माल आधीच हलवला गेला होता; शिपायांनी तोफांचे लाकडी गाडे जाळले, त्याची आग गावच्या एका इमारतीला लागली, आणि पुलापलीकडच्या टेकडीवर जमलेल्या चारेकशे शेतकऱ्यांना गावातून वर चढणारा धूर दिसला. आपले गाव जाळतात असे वाटून ते पुलाकडे उतरले. सर्वांत पुढे ॲक्टन गावची तुकडी होती; कारण तिचा नायक आयझॅक डेव्हिस हा धंद्याने बंदुका बनवणारा कारागीर, आणि त्याने आपल्या माणसांच्या बंदुकांना संगिनी जडवून दिल्या होत्या, ज्या इतर तुकड्यांपाशी पुरत्या नव्हत्या. पुलावर तैनात असलेल्या इंग्रज तुकडीने प्रथम गोळ्या झाडल्या. डेव्हिस जागीच पडला. मग मेजर जॉन बट्रिक याने गोळीबाराचा हुकूम दिला; आणि वसाहतीच्या शेतकऱ्यांनी, आपल्या नायकाच्या हुकमावरून, रांगेत उभे राहून, राजाच्या फौजेवर बंदुका झाडल्या. लेक्सिंग्टनचा बार निनावी होता, कॉन्कॉर्डचा हुकमी होता, हा त्यांतला भेद. इमर्सनने जो बार जगाला ऐकवला तो हा दुसरा. या दोन गावांत त्या मानावरून पुढे पिढ्यानपिढ्या वाद चालला आणि तो अगदीच क्षुल्लक म्हणता येत नाही, कारण एका गावाने प्रथम रक्त दिले आणि दुसऱ्याने प्रथम उत्तर दिले.

बोस्टनला परतणाऱ्या फौजेवर वाटभर गडग्यांआडून आणि घरांच्या खिडक्यांतून गोळ्या येत राहिल्या. दिवस मावळला तेव्हा इंग्रजांकडे जखमी व बेपत्ता धरून २७३ माणसांचा तोटा झाला होता. त्यांत ७३ ठार होते. वसाहतवाल्यांचे ४९ ठार झाले.

आता पुढची गोष्ट मला त्या गोळीबारापेक्षाही विलक्षण वाटते. लढाई संपल्यावर चारच दिवसांनी मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक परिषदेने न्यायाधिकारी नेमून जबान्या घेण्यास प्रारंभ केला. कॅप्टन पार्कर, त्याचे साथीदार, वाटेवरचे प्रेक्षक, एवढेच नव्हे तर हाती लागलेला एक जखमी इंग्रज अधिकारी, अशा शंभराच्या आसपास माणसांनी शपथेवर जबान्या लिहून दिल्या, आणि गावकऱ्यांचे म्हणणे हेच, की पहिला बार आमच्याकडून झाला नाही. ज्यांच्या घरी प्रेते अजून पुरती मातीआड झाली नव्हती, ती माणसे कचेरीत बसून कैफियती देत होती. जनरल गेजनेही आपला खलिता लंडनला धाडला होता. त्याचे जहाज २४ एप्रिलला सुटले. वसाहतवाल्यांनी सेलम बंदरातील कॅप्टन जॉन डर्बी याला ‘क्वेरो’ नावाच्या हलक्या, चपळ गलबतावर त्या जबान्या देऊन पाठवले, तो २८-२९ एप्रिलच्या रात्री निघाला. सरकारी जहाजामागून चार दिवसांनी निघालेला हा माणूस २८ मे रोजी लंडनमध्ये हजर झाला, आणि सरकारी खलिता त्याच्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी आला. दरम्यान लंडनच्या वर्तमानपत्रांनी वसाहतवाल्यांची हकिकत छापली. वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ याने जाहीर केले, की सरकारकडे असे कोणतेही वृत्त आलेले नाही. त्यावर वसाहतींचा वकील आर्थर ली याने प्रत्युत्तर दिले, की मूळ जबान्या लंडनच्या महापौरांकडे ठेवल्या आहेत, ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहाव्यात. बारूद कॉन्कॉर्डला पेटली खरी, पण तिचा आवाज लंडनला नेला तो डर्बीच्या शिडांनी. आवाज पोहोचवला नसता, आणि गेजच्या खलित्यातील एका परिच्छेदात ती बंडाळी दाखल होऊन बसली असती, तर तो बार फुसका ठरायला वेळ लागला नसता.

येथे एक गोष्ट मराठी वाचकाच्या कानावर घालावीशी वाटते. त्याच १७७५च्या मार्च महिन्यात मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि १८ मे रोजी गुजरातेत आडासची लढाई झाली. कॉन्कॉर्डचा १९ एप्रिल या दोहोंच्या मध्ये पडतो. एकाच वसंतात इंग्रजी सत्ता जगाच्या दोन टोकांना दोन युद्धांत उतरली होती. पहिल्या युद्धात यॉर्कटाऊन येथे शस्त्रे खाली ठेवणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ साली हरिपंत फडके यांच्या फौजेला सोबत घेऊन श्रीरंगपट्टणच्या तटाखाली उभा राहिला. आडासच्या रणातही बार झालेच. परंतु त्यांच्या जबान्या घेऊन कोणी गलबत लंडनला हाकारले नाही.

इमर्सनचा या पुलाशी संबंध घरचा होता. त्याचे आजोबा, पाद्री विल्यम इमर्सन, यांचे घर पुलाला लागूनच होते आणि लढाई झाली ती त्या घराच्या आवारातून दिसली होती. आजोबांच्या मागे त्या धर्मपीठावर आलेले एझ्रा रिप्ली यांच्याशी आजीने विवाह केला. १८३४ साली इमर्सन स्वतः त्या घरात राहिला. आणि स्मारकासाठी पुलाजवळची जमीन गावाला दिली ती याच वृद्ध रिप्लींनी. स्तंभ उभा झाल्यावर ४ जुलै १८३७ रोजी समारंभ झाला आणि इमर्सनचे स्तोत्र चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या म्हटल्या जाणाऱ्या एका जुन्या भजनाच्या चालीवर गायले गेले. नवी चाल लावली नाही, ही मोठ्या शहाणपणाची गोष्ट झाली. गावातल्या प्रत्येकाला चाल पाठ होती, तेव्हा शब्द पाठ व्हायला वेळ लागला नाही. गाणाऱ्यांत विशीही न ओलांडलेला हेन्री डेव्हिड थोरो होता. पुढे वॉल्डनच्या तळ्याकाठी भगवद्गीता वाचणारा आणि अन्यायी सरकारला कर देण्याचे नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा तोच हा थोरो, ज्याचा निबंध दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी वाचला. बंदुकीच्या बाराचे स्तोत्र गाणाऱ्या त्या कंठातून पुढे निःशस्त्र प्रतिकाराचा शब्द निघावा, याचे मला नेहमी मोल वाटत आले आहे.

त्या स्तंभाविषयी मात्र गावात एक सल राहून गेला. पूल त्या काळी अस्तित्वात नव्हता आणि रिप्लींनी दिलेली जमीन अलीकडच्या तीरावर होती, त्यामुळे स्तंभ उभा राहिला तो इंग्रज शिपाई ज्या बाजूला उभे होते त्या बाजूला. एबेनेझर हबर्ड नावाच्या शेतकऱ्याला हे जन्मभर खुपले. मरताना त्याने एक हजार डॉलर मृत्युपत्रात लिहून ठेवले ते याचसाठी, की आपले लोक जिथे उभे होते तिथे स्मारक व्हावे. त्या द्रव्यातून प्रेरणा घेऊन गावाने डॅनियल चेस्टर फ्रेंच या पंचविशीही न गाठलेल्या शिल्पकाराकडून तो ब्राँझचा शेतकरी घडवून घेतला. यादवी युद्धातील तोफा वितळवून त्याचे धातुकाम झाले. आणि १९ एप्रिल १८७५ रोजी, शताब्दीच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. पायथ्याशी इमर्सनचे पहिले कडवे कोरले आहे. फ्रेंचने उत्तर आयुष्यात वॉशिंग्टन शहरातील स्मारकाचा विराट लिंकन घडवला. पण त्या नांगरावर टाकलेल्या कोटात जी माणसाची ऊब आहे ती मला त्या संगमरवरापेक्षा अधिक जवळची वाटते.

शब्द एकदा दगडावर कोरले गेले की ते सर्वांच्या मालकीचे होतात. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर पिस्तूल झाडले, तेव्हा हेच शब्द त्या गोळीला लागू झाले, आणि तेथे ते शब्दशः खरे ठरले. १९३५ साली ऑगस्टाच्या गोल्फ मैदानावर जीन सॅराझेनने दोनशेहून अधिक यार्डांवरून चेंडू थेट खळग्यात घातला, त्या फटक्यालाही हेच बिरुद मिळाले, जरी तो प्रत्यक्ष पाहणारे मोजकेच होते. परंतु हे बिरुद कायमचे चिकटले ते १९५१च्या टोल्याला.

बेसबॉल ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी एवढे सांगितले म्हणजे पुरे, की या खेळात प्रत्येक संघ नऊ डाव खेळतो, डावात तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी चालते, आणि फलंदाजाने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला तर तो स्वतः आणि वाटेतल्या ठाण्यांवर उभे असलेले त्याचे साथीदार, सगळे निर्वेध फेरी पुरी करून धावा मिळवतात. त्या काळी मोसमाच्या शेवटी जो संघ आपल्या लीगमध्ये पहिला येई त्याला निशाण मिळे. १९५१ साली हे निशाण ब्रुकलिनच्या डॉजर्सना मिळणार, यात ऑगस्टच्या मध्यावर कोणाला संशय नव्हता. न्यूयॉर्क जायंट्स त्यांच्या तेरा सामन्यांहून अधिक मागे होते. मग जायंट्सनी सलग सोळा सामने जिंकले, शेवटच्या चव्वेचाळिसांपैकी सदतीस जिंकले, आणि मोसम संपला तेव्हा दोन्ही संघ ९६ विजय व ५८ पराभव अशा बरोबरीवर होते. ही बरोबरी राखण्यासाठी डॉजर्सना अखेरच्या दिवशी फिलाडेल्फियात चौदा डाव झुंजावे लागले आणि जॅकी रॉबिन्सनच्या टोल्याने ते तरले. निशाणासाठी तीन सामन्यांची जादा लढत ठरली. पहिला सामना जायंट्सनी जिंकला, दुसरा डॉजर्सनी दहा-शून्य असा जिंकला. तिसरा ३ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर.

एकाच शहराचे हे दोन संघ. ब्रुकलिनचा माणूस जायंट्सचे नाव निघाले की तोंड फिरवी आणि हार्लेमच्या टेकडीखालच्या मैदानावर ब्रुकलिनची टोपी घालून जाणे हे धाडस समजले जाई. तरीही त्या दिवशी पंचावन्न हजारांच्या मैदानात ३४,३२० प्रेक्षकच होते. जे आले नाहीत त्यांनी रेडिओ लावला होता.

थॉमसन हा ग्लासगोत जन्मलेला, लहानपणी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर वाढलेला उंच, मितभाषी गडी. त्या दुपारी त्याचे काही धड चालले नव्हते. दुसऱ्या डावात आपला साथीदार पुढच्या ठाण्यावर उभा आहे हे न पाहता तो तिकडेच धावत सुटला आणि बाद झाला. सातव्यात त्याच्याच फटक्यावर जायंट्सची पहिली धाव निघाली हे खरे; पण आठव्यात तिसऱ्या ठाण्याचे रक्षण करताना दोन चेंडू त्याच्या हातून निसटले आणि डॉजर्स चार-एकने पुढे गेले. नवव्या डावाच्या उत्तरार्धास आरंभ झाला तेव्हा डॉजर्सचा गोलंदाज डॉन न्यूकम थकला होता. आल्विन डार्क आणि डॉन म्यूलर यांनी एकेक फटका मारला; मॉन्टी अर्विन बाद झाला; व्हाइटी लॉकमनच्या जोरदार फटक्यावर डार्क घरी आला आणि तिसऱ्या ठाण्यावर घसरताना म्यूलरचा घोटा दुखावला, त्याला झोळीवर घालून न्यावे लागले. त्या खोळंब्यात डॉजर्सच्या व्यवस्थापकाने न्यूकमला काढले आणि राल्फ ब्रँका याला बोलावले. ब्रँकाच्या पाठीवर १३ हा आकडा होता. थॉमसनच्या मागे, पुढच्या पाळीची वाट पाहत, वीस वर्षांचा विली मेज बसला होता. ब्रँकाचा पहिला चेंडू थॉमसनने सोडून दिला. दुसरा उंच आणि अंगाकडे आला. थॉमसनने तो डावीकडे ओढला. भिंतीपाशी अँडी पाफ्को मान वर करून उभा राहिला. आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून खालच्या गॅलरीत गेला. पाच-चार.

मैदानात लोक घुसले. त्या धुमाळीत एकटा जॅकी रॉबिन्सन जागचा हलला नाही. थॉमसनचे पाऊल प्रत्येक ठाण्याला लागते की नाही, हे तो शेवटपर्यंत निरखत राहिला. अमेरिकेच्या गोऱ्या बेसबॉलमध्ये विसाव्या शतकातला पहिला कृष्णवर्णी म्हणून जो पाच वर्षे शिव्या सोसत उभा राहिला, त्याने जिंकण्याची शेवटची फट बुजेपर्यंत मैदान सोडू नये, यात मला त्याचा सगळा स्वभाव दिसतो.

आता पुन्हा ऐकण्याकडे वळू. जायंट्सचा निवेदक रस हॉजेस ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून एकच वाक्य ओरडत राहिला, जायंट्सनी निशाण जिंकले, जायंट्सनी निशाण जिंकले. इतर वाहिन्यांवर इतर निवेदक होते. दूरचित्रवाणीने तो सामना एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत दाखवला. कोरियात लढणाऱ्या अमेरिकन शिपायांपर्यंत लष्करी रेडिओने तो पोहोचला. परंतु आज आपल्या कानांवर येतो तो हॉजेसचा स्वर, आणि गंमत नव्हे तर आश्चर्य हे, की त्याच्या रेडिओ केंद्राने तो ध्वनिमुद्रित केलाच नव्हता. ब्रुकलिनमध्ये राहणारा जायंट्सचा एक भक्त त्या दिवशी कामावर जाताना आईला सांगून गेला, की शेवटच्या डावाच्या वेळी टेप चालू कर. आईने ती चालू केली. त्या मुलाने पुढे ती फीत हॉजेसला दिली, एका सिगारेट कंपनीने तिच्या तबकड्या काढल्या, आणि तेव्हापासून तो आवाज हवेत राहिला. ते ध्वनिमुद्रण मी पुष्कळदा ऐकले आहे. बॅटीचा आवाज त्यात क्षणभर येतो आणि गर्दीच्या गर्जनेत बुडतो. हॉजेसचा गळा फाटतो, मग बसतो, मग तो शब्द न सापडल्यासारखा पुन्हा तेच वाक्य म्हणतो. १७७५ साली जॉन डर्बीच्या गलबताने जे काम केले तेच येथे एका गृहिणीच्या बोटाने केले. मला या दोन माणसांना एका पंक्तीला बसवावेसे वाटते.

त्याच ३ ऑक्टोबरला वॉशिंग्टनहून घोषणा झाली, की सोव्हिएत रशियाने दुसऱ्या अणुबाँबचा स्फोट केला आहे. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर या दोन बातम्या शेजारी शेजारी, सारख्याच मथळ्यांनी छापल्या गेल्या. पुढे डॉन डेलिलो या कादंबरीकाराला ते पान दिसले आणि त्यातून १९९७ साली ‘अंडरवर्ल्ड’ ही त्याची प्रचंड कादंबरी उभी राहिली. जगाने ऐकावा असा खरा बार कझाकस्तानच्या माळावर झाला होता, यात वाद नाही. पण न्यूयॉर्कच्या लोकांनी त्या संध्याकाळी बाँबऐवजी बेसबॉलविषयी बोलणे पसंत केले, याबद्दल त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. भयाचा आवाज माणूस ऐकतो. आनंदाचा तो जपून ठेवतो.

लेक्सिंग्टनच्या पहिल्या बाराप्रमाणे या टोल्यालाही एक अनुत्तरित प्रश्न जडला. २००१च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये जोशुआ प्रेगर या वार्ताहराने सप्रमाण सिद्ध केले, की त्या मोसमात जुलैपासून जायंट्सनी मैदानाच्या टोकाला असलेल्या आपल्या कपडे बदलण्याच्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण लावली होती. पुढचा चेंडू कसा टाकावा याची जी खूण प्रतिपक्षाचा कॅचर आपल्या गोलंदाजाला बोटांनी करतो ती तेथून पाहून, विजेच्या घंटीच्या तारेने साथीदारांना कळवली जाई आणि त्यांच्याकडून ती फलंदाजाला मिळे. त्या काळच्या नियमांत अशा यंत्राला स्पष्ट मनाई नव्हती. पण खेळाच्या इमानात हे बसत नाही, हे जायंट्सचे लोक जाणून होते, म्हणूनच त्यांनी ते पन्नास वर्षे लपवले. ब्रँकाला ही गोष्ट १९५४ सालीच एका सहकाऱ्याकडून कळली होती. तो गप्प राहिला. हरलेल्याची तक्रार वाटेल, म्हणून गप्प राहिला.

थॉमसनने दुर्बीण होती हे कबूल केले. त्या विशिष्ट चेंडूची खूण आपल्याला मिळाली नव्हती, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. माझा निवाडा असा, की हा प्रश्न पुराव्याने सुटणार नाही. परंतु एवढे खरे, की दोनच दिवसांपूर्वी ब्रुकलिनच्या मैदानावर, जिथे जायंट्सची दुर्बीण नव्हती, तिथेही थॉमसनने याच ब्रँकाचा चेंडू प्रेक्षकांत टोलवला होता. आणि ज्या दुसऱ्या सामन्यात दुर्बीण होती त्यात जायंट्सना एकही धाव काढता आली नव्हती. खूण कळली तरी चेंडू मारावा लागतो. तरीही दुर्बीण लावणे ही लबाडीच होती, आणि तिने त्या आनंदावर जो डाग पाडला तो पुसावा असे मला वाटत नाही.

या दोघांचे पुढचे आयुष्य मला त्या टोल्याहून मोठे वाटते. थॉमसन आणि ब्रँका वर्षानुवर्षे एकत्र समारंभांना गेले, शेजारी बसून छायाचित्रांवर सह्या केल्या, मित्र झाले. एका चेंडूने एकाला देव केले आणि दुसऱ्याला कायमचा पराभूत ठरवले, आणि त्या दोघांनी मिळून तो चेंडू आयुष्यभर सांभाळला. थॉमसन २०१० साली वारला, ब्रँका २०१६ साली.

१९५१च्या जागतिक मालिकेत जायंट्स यँकीजकडून हरले. १९५७चा मोसम संपल्यावर जायंट्स आणि डॉजर्स दोघेही न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात गेले. पोलो ग्राउंड्स १९६४ साली पाडण्यात आले, आणि तेथे आता सरकारी वसाहतीच्या तीस-तीस मजल्यांच्या चार इमारती आहेत. थॉमसनची बॅट कूपर्सटाऊनच्या संग्रहालयात पाहायला मिळते. लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर पहिला चाप कोणी ओढला हे कोणत्याही दप्तरात नाही, आणि डाव्या गॅलरीत पडलेला तो चेंडू आजतागायत सापडलेला नाही.